मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला राहण्याची सोय

नमस्कार मंडळी,

मुलांना नाताळची सुट्टी लागली की आम्ही चौघं गुलमर्गला जाणार आहोत. दोन्ही मुलांना स्कीइंग शिकायचंच आहे. ओझरहून दिल्ली आणि पुढे श्रीनगर अशी विमानाची तिकिटं काढून झाली आहेत. पण ज्या हॉटेलशी बोलणं झालं होतं, त्यांनी आता खोली नाही म्हणून कळवलं. बाकी जे दिसतंय ते आमच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आता टंगमर्गचा विचार करतेय. गुलमर्गपासून साधारण १३ किमी खाली, म्हणून भाडं कमी असावं. माझी खरी काळजी रस्त्याची. २१ डिसेंबरपासून चिल्ला-ए-कलान, म्हणजे काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस सुरू होतात. बर्फ पडला की त्या घाटात चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच लागतात. मग मुलांना घेऊन रोज सकाळी वेळेवर वर पोचता येतं का? कोणी टंगमर्गला राहून हे केलंय का?

गुलमर्गमध्येच साधी, स्वच्छ, गरम पाण्याची आणि खोलीत हीटर असलेली जागा माहीत असेल तर फारच उत्तम. नवशिक्यांचा उतार चालत जाण्याइतका जवळ हवा. गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, वर अफरवट डोंगरावर जायचा हट्ट नाही. जेवण शाकाहारी लागेल.

उत्तराखंडमधलं औली सुचवू नका, प्लीज. डिसेंबरात तिथल्या बर्फाची खात्री नसते, आणि तिकिटंही श्रीनगरची आहेत.

नाशिकमधलं कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर जरूर सांगा, मी फोन करेन.