माल न घालणारा सभासद: काढा म्हणे!

किल्लारीकर: दोन हंगाम मालाचा एक कट्टाही शेतकरी उत्पादक कंपनीत घातला नाही, अशांना संचालक मंडळानं ठराव घेऊन सरळ काढावं. आयतखाऊ कशाला पोसायचे?

औसा शिवार: ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे भिशी नव्हे. कंपनी कायद्याचं कलम ३७८-झेडडी उघडा. शेअर परत घ्यायला कारणं दोनच: माणूस उत्पादक राहिला नाही, नाहीतर नियमावलीतली पात्रता गेली. तेही लेखी नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून. शेअरचे पैसे दर्शनी किमतीनं किंवा मंडळ ठरवील तसे द्यायचे. आता नियमावली बघा. किती क्विंटल, किती काळात, याचा पत्ताच नसतो. दुसऱ्या कंपनीची उतरवलेली असते ना! मग पात्रता गेली कशावरून?

किल्लारीकर: मग नियमावली बदला.

औसा शिवार: बदला की. निवडून आलेले दोन तृतीयांश संचालक किंवा एक तृतीयांश सभासद यांनी प्रस्ताव मांडायचा, विरोधाच्या किमान तिप्पट मतांनी विशेष ठराव, १५ दिवसांत रजिस्ट्रारकडे. सभेची गणपूर्ती एक चतुर्थांश सभासद. ४०० सभासद असले तर १०० डोकी. ऐन काढणीत सभा ठेवा, येतील बघा!

वसमतची हळद: काढायचंच कशाला? नियमावलीत लिहून मत फक्त सक्रिय सभासदांना ठेवता येतं. नाव राहील, मत जाईल. बोनस तसाही घातलेल्या मालाच्या प्रमाणात.

मोंढा नाका: कलमं झाली असतील तर माल का येत नाही तेही बोला. मोंढ्यात, म्हणजे बाजारात, माप झालं की हिशोबाची पट्टी हातात. इथं सोयाबीनचा ओलावा १५ टक्के निघाला की क्विंटलमागं ५ किलो कापायलेत.

किल्लारीकर: कापणारच! १५ टक्क्यांचं १०० किलो सोयाबीन १२ वर वाळवलं की ९६.६ किलो उरतं. ती घट कंपनीनं सोसायची का?

मोंढा नाका: मग ३.४ कापा, ५ कशाचे? वरचे १.६ कुणाच्या घशात? २०२४ ला केंद्रानं हमीभाव खरेदीत १५ टक्के ओलावा चालवून घेतला, कंपनीच्या काट्यावर मात्र १२ चाच धर्म. नमुना तरी पोत्याच्या तळातून घेता का? वरचा माल वाळलेला, तळाचा ओला. ज्याला पाडायचं त्याचा तळ उकरायचा.

किल्लारीकर: आयतखाऊंचे वकील बरेच दिसायलेत इथं.

वसमतची हळद: वकील नाही, हिशोब. घटीचा तक्ता काट्याशेजारी लावा, मग नोटिसा काढा.

किल्लारीकर: बरं पंडित हो, तक्ता लावू. ३.४ च कापू. आता तरी सभा लावू द्याल?

औसा शिवार: लावा. पण १४ दिवस आधी नोटीस, अन् पोच जपून ठेवा.