आत्याचं हिमोग्लोबिन १८.२

दादा: आत्याचे रिपोर्ट आले. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची (साधी, कॅन्सर नसलेली) मोठी गाठ आहे. पण रक्त भरपूर! हिमोग्लोबिन १८.२.

काकू: देवाची कृपा. माझ्या गाठींच्या वेळी ७ वर आलं होतं, रक्त चढवावं लागलं.

आई: वन्सं, खजूर, बीट चालू ठेवा. लोहाच्या गोळ्याही घ्या, ऑपरेशनला ताकद लागते.

ताई: आई, गोळ्या नकोत! आत्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाचं काहीही घेऊ नकोस. बायकांचं हिमोग्लोबिन १६ च्या वर गेलं की कारण शोधावंच लागतं.

आत्या: अगं, मला अंगावर जास्त जातही नाही. पोट जड वाटतं आणि डोकं दुखतं, एवढंच.

काकू: पण गाठींनी रक्त कमी होतं ना?

ताई: बहुतेकींचं तुझ्यासारखंच होतं, काकू. क्वचित एखादीचं उलट होतं. लाल पेशी बनवायचा निरोप एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन देतं. ते एरवी मुख्यतः किडनीत तयार होतं, पण काही फायब्रॉइड स्वतःच ते बनवतात. मग बोन मॅरो, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडांतला मगज, गरज नसताना पेशी बनवत राहतो. १९५३ पासून डॉक्टरांना हे माहीत आहे. गाठ किंवा पिशवी काढली की रक्त हळूहळू जागेवर येतं, आणि दोष गाठीचाच होता हे तेव्हाच पक्कं होतं.

दादा: मग सर्जनना लवकरची तारीख मागू?

ताई: आधी रक्तविकारतज्ज्ञ. असंच चित्र पॉलिसायथेमिया व्हेरा या बोन मॅरोच्या आजारातही दिसतं. त्यासाठी जॅक-२ या जनुकाची तपासणी करतात, एरिथ्रोपोएटिनची पातळी बघतात. किडन्याही बघायला हव्यात, मोठी गाठ मूत्रनळीवर दाबते. आणि भूलतज्ज्ञांना हा १८.२ चा आकडा आधीच सांग. रक्त दाट असलं की गुठळी व्हायची भीती असते, म्हणून गरज पडली तर ऑपरेशनआधी थोडं रक्त काढतात.

आई: बाई गं! रक्त काढतात?

ताई: हो, रक्तदानासारखंच. आत्या, एक पाय सुजला, दुखला किंवा अचानक धाप लागली तर ग्रुपवर विचारत बसू नकोस, तडक हॉस्पिटल. आणि जुने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचे रिपोर्ट, शोध. हा आकडा कधीपासून चढतोय ते त्यातून कळेल.

आत्या: मागच्या वर्षीचा सापडला. १६.९. तेव्हा सगळे म्हणाले, तब्येत छान आहे.

दादा: फोटो टाक. सकाळी अपॉइंटमेंट घेतो, फाईल मी घेऊन येतो.