‘पालिब्हासा’ला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी

मंडळी, शब्द मराठी नाही, पण गाडी अडलीय मराठीत, म्हणून इथेच विचारते.

मी आखातातल्या एका रुग्णालयात नर्स आहे. वॉर्डात निम्म्या जणी केरळच्या, उरलेल्या फिलिपिन्सच्या, मराठी मी एकटीच. सगळ्यांत जुनी जी सिस्टर आहे तिला तिच्याकडच्या मुली ‘आते’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना मराठी कुणी शिकवलं? तर तिकडे ‘आते’ म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. शब्द मूळचा चिनी, होक्किएन बोलीतला. मी मात्र मनातल्या मनात तिला आत्याच म्हणते. स्वभावही तसाच आहे, आधी ओरडते, मग डबा पुढे करते.

पहाटे तीनच्या सुमाराला जरा शांत झालं की ती फोनवर लहानपणच्या विनोदी मालिका लावते. एक कान इअरफोनला, एक बेलकडे. पेशंट उठू नयेत म्हणून मास्क तोंडावर दाबून धरते, खांदे तेवढे गदगदा हलत असतात. परवा ब्रदरनं डबा चमच्यासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. आत ठिणग्या उडाल्या, तो उडाला दोन हात मागे. आतेनं मान वर न करता म्हटलं, “पालिब्हासा लालाके!” आणि फिलिपिनो मुली लोळायच्या बाकी राहिल्या.

अर्थ विचारला तर म्हणाली, “कारण तो पुरुष आहे.” मग कळलं की या नावाची मालिकाच होती, १९८७ ते १९९८ अशी अकरा वर्षं चाललेली, आणि ती हिच्या शाळेच्या दिवसांतली सगळ्यात लाडकी. पण ‘कारण तो पुरुष आहे’ यावर कोण हसेल? या ‘कारण’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

इंजिनरूम

ताई, पंधरा वर्षं जहाजावर आहे, अर्धा क्रू कायम फिलिपिनो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

आधी उच्चार. ‘भ’ नाही म्हणायचा. ब वेगळा, ह वेगळा: पालिब्-हासा. दुसरं, हे साधं ‘कारण’ नव्हे. ‘पाऊस पडला कारण ढग आले’ इथे ते हा शब्द वापरणार नाहीत, त्याला दुसरे शब्द आहेत. पालिब्हासा कुणावर तरी रोखलेलं असतं. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, नव्या कॅडेटचे महागडे बूट बघून म्हणतो, “पालिब्हासा मायामान”, म्हणजे ‘श्रीमंताघरचा ना, म्हणून!’ कारण सांगता सांगता चिमटा. तोही अशा थाटात, की याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

मालिकांचं म्हणाल तर आमच्या मेसमध्ये ‘होम अलाँग दा रिलेस’ला तोड नाही. १९९२ ते २००३. रुळांना चिकटून असलेल्या वस्तीतलं घर, बायको गेलेला बाप, पोरांचं लेंढार. गाडी आली की सगळं घर थरथरतं आणि घरातले हातातलं काम टाकून भांडीकुंडी, फळ्या धरून उभे राहतात. गाडी गेली की वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे सुरू. मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलोय. आमच्याकडेही मेल जाताना आई बोलता बोलता थांबायची आणि नंतर तोच शब्द धरून पुढे बोलायची. भाषा अर्धीमुर्धी कळत असताना मी त्या प्रसंगाला एवढा हसलो की कुक घाबरला.

नावातही गंमत आहे. ‘होम अलोन’ हा अमेरिकन सिनेमा नुकताच गाजला होता, त्याची ही वात्रट नक्कल. बापाचं नाव केविन कोस्मे, हे केविन कॉस्टनरवरून! करायचा डॉल्फी. त्यांचा विनोदाचा राजा, २०१२ साली गेला. जहाजावर त्याचं नाव काढलं की साठीचा चीफ कुकही हळवा होतो.

खवट

हा मराठी शब्दांचा धागा आहे की मनिला दूरदर्शन?

बरं, आलोच आहे तर व्युत्पत्ती देऊन जातो. पालि + हासा. हासा म्हणजे हास, हसणे. पालीतले हसू. बौद्ध भिक्षूंनी नेले असणार. झालं समाधान?

जुनं पान

खवटराव, तुम्ही चेष्टेनं सोडलेला बाण लक्ष्याच्या दोन हात शेजारी लागलाय. शब्द भारतातूनच गेला आहे, पण हास नव्हे, पालीही नव्हे. ती आपली ‘परिभाषा’ आहे.

तागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या मुख्य भाषेत, ख, भ असे महाप्राण नाहीत. असा वर्ण आला की ते त्याचे दोन तुकडे करतात. मुख झालं ‘मुक्-हा’ (अर्थ तोच, चेहरा), दुःख झालं ‘दुक्-हा’. तसाच ‘भा’चा झाला ‘ब्-हा’. आणि ‘परि’तल्या र चा ल. वाटेतलं स्टेशनही ठाऊक आहे: मलय भाषेत ‘परिबहासा’ म्हणजे म्हण, लोकोक्ती. संस्कृत शब्द बहुतेक असे मलय-जावा मार्गानंच तिकडे पोचले. गुरूचं ‘गुरो’ झालं, देवतेची ‘दिवाता’ झाली, म्हणजे परी.

किती जुनी ही ये-जा? मनिलाजवळ लगुना भागात एक ताम्रपट सापडला आहे, आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कर्ज फिटल्याचा दस्त. वर तारीख: शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. शक म्हणजे आपल्या पंचांगातलाच शक.

कोथिंबीरवडी

काका, कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी की हो! संकष्टीला कर्जातून सुटका, बाप्पाच पावला. (विषयांतर, माफी.)

खवट

माघार घेतो. पण परिभाषा म्हणजे व्याख्या, संज्ञा. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश माझ्या कपाटात आहेत, त्यांत हसण्यासारखं काही… असो, कधी कधी आहे. पण व्याख्येचा टोमणा कसा झाला ते सांगा.

जुनं पान

हीच तर गंमत. जुन्या तागालोग कोशांत ‘पालिब्हासा’चा पहिला अर्थ ‘कारण’ नाहीच, ‘उपरोध’ आहे. तिरकं बोलणं. आणि हे त्यांनी पदरचं घातलेलं नसावं. संस्कृतात ‘परिभाषण’ म्हणजे नुसतं बोलणं नव्हे, दोष दाखवून बोलणंही. अमरकोशात तर निंदेसह केलेल्या उपालंभाला हा शब्द दिला आहे. उपालंभ म्हणजे आपल्या घरगुती भाषेत टोमणाच.

मला आपलं असं वाटतं, हा माझा तर्क म्हणून घ्या, की एका शब्दाच्या दोन लेकी. व्याकरणकारांच्या घरी पडली ती शिस्तीची झाली, पुढे मंत्रालयात नोकरीला लागली. दुसरी गलबतात बसून गेली आणि नाक्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायला लागली. टीव्हीवर ही दुसरीच शोभणार.

दावाओची पाहुणी

मी फिलिपिन्समध्येच, दावाओ शहरात एमबीबीएसच्या जोडीचा कोर्स करतेय, मूळची लातूरची. आमच्या घरमालकीणबाई, वय साधारण आतेंएवढंच, रविवारी जुने भाग लावून बसतात. ‘पालिब्हासा लालाके’ मी थोडी पाहिलीय. रिचर्ड गोमेझ आणि जोई मार्केझ, दोघंही दिसायला राजबिंडे आणि वागायला येडे, बढाया मारायच्या नि तोंडावर आपटायचं. त्यांच्या डोक्यावर ग्लोरिया रोमेरो. ती जुन्या सिनेमाची महाराणी, इथे येऊन खुशाल वेडेपणा करते. म्हणजे शीर्षक हा बायकांच्या बाजूनं मारलेला शेरा आहे, पुरुषांची फुशारकी नव्हे. भाषांतर करताना हे सुटायला नको.

(पुढे यातला जोई पारान्याकेचा महापौर झाला, रिचर्ड ऑर्मोकचा. घरमालकीणबाई यावरही तेच दोन शब्द म्हणतात.)

माझा प्रयत्न: ‘शेवटी पुरुषच!’

इंजिनरूम

‘शेवटी पुरुषच’ मध्ये जरा कडवटपणा येतो. नवऱ्यानं फसवल्यावर म्हणावं तसं. इथं चमचा मायक्रोवेव्हमध्ये गेलाय फक्त.

कोथिंबीरवडी

आमची आजी आजोबांबद्दल म्हणायची: “पुरुष पडले ना!” आजोबा दूध उतू जाताना शेजारी उभं राहून पेपर वाचायचे. आजी फडकं घेऊन ओटा पुसता पुसता, आमच्याकडे न बघता, “काय करणार, पुरुष पडले ना.” दुधाचा करपट वास आणि हे वाक्य माझ्या डोक्यात एकत्रच आहेत.

रात्रपाळी

वडीताई, तोंडातून काढून घेतलंत! ‘पडले’ हेच हवं होतं. ‘तो पडला साहेब’, ‘आपण पडलो गरीब’, ‘ती पडली एकुलती एक’. यात कारण आहे, चिमटा आहे, वर ‘त्याला तरी काय बोलणार’ अशी सूटही आहे. बोसनचं ‘पालिब्हासा मायामान’सुद्धा बसतं: ‘श्रीमंत पडला ना तो!’

जुनं पान

मान्य. हे ‘पडणे’ मोठं मजेशीर आहे, माणूस जणू वरून त्या जागी टपकला, त्याचा काही दोष नाही. मी याला पहिला नंबर देतो.

खवट

दिला. आता आणखी शब्द असतील तर आणा, धागा तसाही गेलाच आहे समुद्रापार.

रात्रपाळी

मग एक वाक्य सोडवा. आतेच्या आईची आवडती मालिका म्हणजे ‘जॉन एन मार्शा’. १९७३ ला सुरू झाली, हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या दिवसांत, आणि १९९० पर्यंत चालली. त्यातही डॉल्फीच. गरीब जॉन, त्याची बायको मार्शा (निदा ब्लांका), आणि मार्शाची गडगंज श्रीमंत आई दोन्या डेलायला. मुलीनं गरिबाशी लग्न केलं हे तिला काही पचत नाही. तिचं ठरलेलं वाक्य: “काया इकाव, जॉन, माग्सुमिकाप का!” मुळात ‘सिकाप’ म्हणजे कष्टाळूपणा, चिकाटी. शब्दशः ‘म्हणून तू, जॉन, कष्ट कर’. मराठीत मेलेलं वाटतं.

कोथिंबीरवडी

“म्हणून सांगते जॉन, हातपाय हलवा जरा!” जावयाला अरे-तुरे नाही करायचं. आपली सासू अपमानही ‘अहो’ लावून करेल.

दावाओची पाहुणी

हो ना! मला इथे हेच नवल वाटलं. आपल्या टीव्हीवर सासू-सून, यांच्या जुन्या विनोदी मालिकांत सासू-जावई. ‘ओके का, फेअरी को’मध्येही तेच. एन्तेंग नावाचा साधा माणूस, त्याची बायको परी, आणि परीच्या आईला हा मर्त्य जावई डोळ्यांसमोर नको. गरिबी काय नि मर्त्यपणा काय, सासूच्या लेखी गुन्हा एकच. आपल्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला धोंड्याच्या महिन्यात अनारसे. त्यामुळे ‘हातपाय हलवा’ ऐकवणारी सासू मराठीत चालवायची तर ती पैसेवाली आणि जावई घरजावई, तरच पटेल.

आणखी एक जोडी देते, ही नव्या पिढीची. विनोद जमला तर ‘हावे’, पडला तर ‘वाले’. ‘वाले’ आलं ‘वाला’वरून, वाला म्हणजे नाही, काही नाही. ‘हावे’ इंग्रजी हॅववरून, म्हणजे ‘आहे’. तिकडच्या समलिंगी मंडळींच्या बोलीतून सगळीकडे पसरलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कोण वाले? भाजीवाले?

इंजिनरूम

वाले = पीजे, पांचट. पण पीजे विनोदाला म्हणतात, आणि हा निकाल आहे. ‘फुसका बार’ जवळ येतं. हावेला ‘जमलं बुवा’.

खवट

मूळ विषयावर येतो. हे सगळं त्या आते आज का बघतात? आपल्याकडे यासाठी स्मरणरंजन आणि गतकातरता असे दोन शब्द घडवले आहेत. पैकी कोणतं?

रात्रपाळी

विचारलं मी. ती म्हणाली, “नाकाकामिस.” मधे ‘मिस’ इंग्रजी, बाकी फिलिपिनो, ‘मिस करायला लावणारं’. मग थोडा वेळ गप्प बसली आणि सांगितलं, की ‘पालिब्हासा लालाके’ ज्या वाहिनीवर लागायची ती एबीएस-सीबीएन १९७२ साली सरकारनं बंद केली होती, १९८६ ला मार्कोस गेल्यावर परत आली. म्हणून पुढच्या वर्षी आलेली मालिका त्यांच्या घरी सगळे मिळून बघायचे, वडीलही. २०२० च्या मेमध्ये परवाना संपला म्हणून वाहिनीचं प्रक्षेपण पुन्हा थांबलं. आते तेव्हा इथे, पीपीई किटमध्ये. घरी फोन केला तर आईनं टीव्ही तसाच चालू ठेवलेला, समोर नुसता काळा पडदा. रंजन म्हणावं तर हे बसत नाही. कातरता म्हणावं तर पहाटे तीनला खांदे हसून हलत असतात. मी दोन्ही खोडलं आणि ‘मिस’ ठेवलं. आपणही तेच म्हणतो की.

जुनं पान

कोशात ‘मिस’ गेलेलं बघायला मी नसेन एवढीच आशा. पण परिभाषेची गोष्ट सांगितलीत का त्यांना?

रात्रपाळी

काल सांगितली, काका. चहा ओतता ओतता सगळं सांगितलं, मुक्-हा, दुक्-हा, ताम्रपट, संकष्टीसुद्धा. तिला पटलं. ‘पुरुष पडले ना’ पाठ करून घेतलं, ‘पुरुस पादले ना’ असं म्हणते, मी अजून दुरुस्त केलेलं नाही आणि करणारही नाही. मग म्हणाली, तुमच्याकडची पालिब्हासा दाखव. फोनवर परिभाषा कोशाचं एक पान उघडून तिला दिलं. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे आपली जोडाक्षरं, सगळ्या ओळी कशा शिस्तीत. तिनं ते वर-खाली सरकवलं, मोठं करून पाहिलं, कुठे हसायचं ते शोधत राहिली. शेवटी फोन माझ्या हातात ठेवला.

“वाले,” म्हणाली.