तैलरंग शिकण्यासाठी समुद्रचित्राची प्रतिकृती : सुरुवात कोणत्या चित्रापासून करावी?

प्रश्न (परभणी)
इंटरमिजिएट परीक्षेपासून जलरंगांतच काम करत आलो आहे. आता तैलरंग शिकण्यासाठी रोमँटिक काळातील एखाद्या समुद्रचित्राची प्रतिकृती करण्याचा विचार आहे. आयवाझोव्स्की यांचे ‘नववी लाट’ (१८५०) घ्यावे, की कास्पार डेव्हिड फ्रीडरिश यांचे ‘समुद्रावरील चंद्रोदय’ (१८२२)? शिवाय आमच्याकडे लाकडी घाण्याचे जवसाचे तेल सहज मिळते. ते रंगात मिसळले तर चालेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
फ्रीडरिश यांचे चित्र घ्यावे. ते ५५ बाय ७१ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे घरी मूळ मापातच करता येईल. ‘नववी लाट’ तीन मीटरहून अधिक रुंद आहे.

जलरंगात आपण उजेडासाठी कागद कोरा सोडतो आणि गडद रंग शेवटी लावतो. तैलरंगात हा क्रम बहुधा उलटा असतो. प्रथम टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने (तपकिरी मातीचा रंग) खडक, पाठमोऱ्या तीन आकृती आणि ढगांची गडद बाजू मांडावी, आणि चंद्राभोवतीचा उजेड फडक्याने पुसून काढावा. अंबरमध्ये मँगनीज असल्याने हा थर लवकर वाळतो. मग क्षितिजाजवळच्या पिवळ्या उजेडापासून वर जांभळ्या ढगांकडे जात रंग ओले असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने अगदी हलक्या हाताने एकमेकांत मिसळावेत. या चित्राचे सगळे शिक्षण त्या संधिरेषेत आहे; तिथे घाई केली की जांभळा आणि पिवळा मिळून मातकट करडा होतो. वरच्या प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण थोडे वाढवत न्यावे, कारण तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढवला तर पुढे भेगा पडतात.

उत्तर (लातूर)
घाण्याचे तेल चटणीबरोबर उत्तम, कॅनव्हासवर नको. जवसाचे तेल टर्पेंटाइनसारखे उडून जात नाही, हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. न गाळलेल्या तेलातील चिकट अंश त्यात अडथळा आणतात आणि रंग अधिक पिवळा पडतो. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलेच तेल घ्यावे.

वरील उत्तराशी एका बाबतीत मतभेद आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती करू लागले, तेव्हा हेतू नोंदीचा होता, म्हणून त्यात काही वगळणे परवडणारे नव्हते. (त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.) आपला हेतू शिकण्याचा आहे, तेव्हा ‘नववी लाट’मधील एकाच लाटेचा माथा घ्यायला काय हरकत आहे? उजळ थर पूर्ण वाळल्यावर त्यावर हिरव्याचा पारदर्शक थर दिला, की लाटेतून प्रकाश आरपार येतो ही युक्ती हाताला कळते.

प्रश्नकर्ता (परभणी)
दोघांचेही आभार. आधी ‘चंद्रोदय’ करतो. फोनवरच्या छायाचित्रांत प्रत्येक ठिकाणी रंग वेगळा दिसतो, त्याचे काय करावे? आणि सरावासाठी पैठणला नाथसागरावर जाण्याचा उपयोग होईल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
छायाचित्र कृष्णधवल करून आधी उजेड-अंधाराची मांडणी जुळवावी. ती बरोबर आली तर जांभळा थोडा इकडेतिकडे झालेला खपतो. नाथसागरावर भरतीच्या लाटा मिळणार नाहीत, पण पाण्यावरील उजेडाचा पट्टा क्षितिजाकडे कसा बदलत जातो, ते सायंकाळी नीट पाहता येते. आयवाझोव्स्कीसुद्धा समुद्र पाहून घेत आणि चित्र कार्यशाळेत स्मरणातून रंगवत. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार असते, म्हणून ओला कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवावा, आणि वार्निशला सहा महिने तरी हात लावू नये.