‘द जनरल’ला पियानोची साथ: पाठलागात डावा हात आखडतो

काळी_पाच:
आमच्या फिल्म क्लबात बस्टर कीटनचा मूकपट ‘द जनरल’ (१९२६) दाखवतोय. पियानोची साथ माझी, आयत्या वेळी सुचेल तशी. सव्वा तासातला बराच वेळ आगगाडीमागे आगगाडी. वीस मिनिटांत डावा हात आखडतो आणि सगळं एकसुरी होतं. काय करावं?

पेडलमास्तर:
डाव्या हाताने सलग सप्तकं ठोकताय का? मनगट तिथेच जातं. षड्ज-पंचम आलटून-पालटून वाजवा आणि अधूनमधून ठेका उजव्या हाताकडे द्या. वेग वाढवत नेऊ नका, पुढे जागा उरत नाही. वेग तोच ठेवून नवी अडचण आली की पट्टी एक स्वर वर न्या. परतीच्या वाटेवर जॉनी (कीटनने केलेला इंजिन ड्रायव्हर) पुढे आणि शत्रू मागे असतो. तिथे तीच चाल मायनरमध्ये, म्हणजे उदास छटेच्या स्वरांत, घ्या.

चाली तीनच: इंजिन, ॲनाबेल (जॉनीची प्रेयसी), फौज. आठ स्वरांहून लांब नको, तोडता-जोडता येत नाही.

प्रत्येक धडपडीवर स्वर मारू नका. कीटनचा चेहरा हलत नाही, मग पियानोने त्याच्या वतीने हसू नये. तो खिन्न होऊन इंजिनाच्या चाकांच्या दांड्यावर बसतो, गाडी सुटते, तो वर-खाली होत राहतो. तिथे ॲनाबेलची चाल संथच राहू द्या. त्याला काही कळलेलं नाही, यातच गंमत आहे.

पूल कोसळताना मात्र हात उचला. ओरेगनमधल्या नदीत खरं इंजिन पाडलंय. पियानोचा गडगडाट त्यापुढे खुजा वाटतो. नंतर सेनापतीचा चेहरा दिसला की खर्जातला एकच स्वर, पेडल दाबून.

रीळवाला:
सराव दाखवायच्या प्रतीवरच करा. प्रतींची लांबी आणि वेग वेगळे असतात, त्यामुळे मिनिटं लिहून उपयोग नाही. खुणा पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरून आणि दृश्यांवरून लिहा. डिस्कवरचं संगीत बंद आहे ना, हे आधी तपासा. हे फार वेळा राहून जातं.

काळी_पाच:
पियानो अपराइट (उभ्या पेटीचा) आहे. मान वर करून पडदा दिसेल का?

रीळवाला:
पडद्याच्या डावीकडे तिरका लावा. वरचं झाकण बंद ठेवा, उघडं असलं की पडदा अडतो. मान दुखत असेल तर पियानोवर छोटा मॉनिटर ठेवा, पण जोडणी वायरनेच. बिनतारी चित्र मागे पडतं आणि तुमचा स्वर चुकला असं वाटतं. दिव्याला आडोसा हवा, उजेड फक्त पट्ट्यांवर.