अचानक संकट आलं की सुचेनासं होतं. पटकन निर्णय घ्यायचा सराव कसा करायचा?

आभाळवेडी

नमस्कार मंडळी,

आग, अपघात, विजेचा धक्का अशा वेळी ‘प्रसंगावधान राखा’ असं सगळे सांगतात. ते राखायचं म्हणजे पहिल्या पाच-दहा सेकंदांत हाताने नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ऐन वेळी माणूस बधिर का होतो? सरावाने ते सुधारतं का, आणि घरी करता येईल असा सराव कोणता? तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: चटकन वागणं आणि घाईघाईत चुकीचं वागणं, यांतला फरक त्या क्षणी कसा ओळखायचा?

‘शांत राहा’ छापाचे सल्ले नकोत. या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी आपापल्या कामातली उदाहरणं दिली तर फार उपयोग होईल.

चौथा_गिअर

मी वाहनचालनाचं प्रशिक्षण देतो, तेव्हा त्याच बाजूने सांगतो.

दचकणं आधी होतं, विचार मागून येतो. त्या अवस्थेत डोक्याला नवा उपाय सहसा सुचत नाही, पण अंगवळणी पडलेली कृती होऊन जाते. आणि रस्त्यावर वेळ किती असतो तेही पाहा. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. अनपेक्षित अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यात दोन पर्यायांची तुलना बसत नाही. त्यामुळे निर्णय आधीच घेऊन ठेवायचा, त्या क्षणी फक्त ‘हे कोणतं संकट आहे’ एवढंच ओळखायचं.

ते ओळखणं किती महत्त्वाचं आहे, यासाठी दोन प्रसंग शेजारी ठेवतो.

पहिला: ब्रेकचं पेडल सरळ खाली गेलं, पायाला काही लागलंच नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि पेडल भराभर दाबा-सोडा. ब्रेक ऑइलचा थोडाफार दाब तयार होऊ शकतो. त्याच वेळी एकेक गिअर उतरवत या. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. मग हँडब्रेक, पण बटण दाबून धरून थोडा थोडा ओढायचा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी गरकन फिरते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकचा स्विच असेल तर तो ओढून धरून ठेवायचा. बहुतेक गाड्यांमध्ये धरलेला असेपर्यंत तो गाडी थांबवत राहतो. गाडी चालत असताना इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉकही होऊ शकतं.

दुसरा: अ‍ॅक्सिलरेटर अडकला, बहुधा पायाखालची मॅट सरकून. इथे ब्रेक दाबा-सोडा करायचा नाही. एकदाच पूर्ण जोराने दाबून धरायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. कारण असं की, पाय हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरला इंजिनकडून निर्वात मिळत असतो. पेट्रोल इंजिनचा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा असला की तो नव्याने भरून निघत नाही, आणि दोन-तीन दाबांत साठा संपून पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन भयंकर किंचाळेल, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. त्या आवाजाला घाबरून लोक परत गिअर टाकतात, हीच इथली नेहमीची चूक.

‘गाडी थांबत नाहीये’ ही तक्रार दोन्हीकडे एकच, पण कृती एकमेकींच्या उलट. पायाखाली पेडल पोकळ लागतंय की कडक, आणि इंजिन आपोआप ओढतंय का, यावरून कोणता प्रसंग ते कळतं. ही ओळख आधी मनात बसली असेल तर अर्धा सेकंद पुरतो.

टायर फुटला तर ब्रेककडे जाणारा पाय आवरा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, वेग आपसूक उतरू द्या, मग कडेला घ्या. आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तातडीचा ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, म्हणून अनेक जण पाय सैल करतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. पाय दाबलेलाच ठेवायचा. रिकाम्या, कोरड्या मैदानावर ताशी ३० किमीवरून एकदा पूर्ण ताकदीने ब्रेक मारून ती थरथर पायाला माहीत करून द्या, मागे-पुढे कुणी नाही हे बघून.

(थोडं विषयांतर: लांब उतारावर ब्रेक जाण्याचं एक कारण म्हणजे ब्रेक ऑइलला उकळी येणं. डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ वर येते. ऑइल वेळेवर बदललं आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरला, तर वरचा पहिला प्रसंग बहुधा येतच नाही.)

धूरवाट

चौथा_गिअर यांच्याशी सहमत. अग्निशमनातही हेच दिसतं. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात आग विझवणाऱ्या पथकप्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा आढळलं की अनुभवी लोक पर्याय मांडून तुलना करतच नाहीत. समोरचं दृश्य ओळखीचं वाटतं, पहिला जमेलसा उपाय सुचतो, तो मनातल्या मनात झरकन चालवून पाहतात आणि लागलीच कामाला लागतात. उपाय कुठे अडेल असं वाटलं तरच दुसरा शोधतात.

सामान्य माणसाकडे हा अनुभवाचा साठा नसतो, म्हणून त्याने मर्यादा आधी ठरवून ठेवायच्या. आगीसाठी मी तीन सांगतो. ज्वाला कमरेच्या वर गेल्या, किंवा खोलीत धूर खाली उतरू लागला, किंवा बाहेर पडायचं दार आगीच्या पलीकडे गेलं, यांपैकी एक जरी झालं तरी विझवणं बंद. बाहेर पडायचं, मागे दार ओढून घ्यायचं, कडी-कुलूप लावायचं नाही. आग डोळ्यांसमोर असताना मर्यादा ठरवायला बसलं की माणूस ‘अजून थोडं बघू’ म्हणत थांबतो.

विझवणं कधी सोडायचं हे आधी ठरवायचं कारण साधं आहे. घरगुती लहान अग्निशामकाचा फवारा जेमतेम दहा-पंधरा सेकंद टिकतो. पिन काढा, नोझल ज्वालांच्या बुडाशी धरा, दांडी दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. ज्वालांच्या टोकावर मारलात तर सिलिंडर रिकामा होतो आणि आग तशीच राहते.

कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद, झाकण बाजूने सरकवत वर ठेवायचं आणि कढई जागची हलवायची नाही. वरून आदळलं तर तेल उडतं. बर्नरचा नॉब ज्वालांच्या पलीकडे असेल तर आधी झाकण. पाणी का नाही? तेल दोन-तीनशे अंशांच्या घरात असतं. पाणी तेलाखाली जातं, त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. ती पेटतं तेल घेऊनच वर उसळते. झाकण कढई पूर्ण थंड होईपर्यंत उचलायचं नाही. दोन मिनिटांत डोकावून पाहिलं की गरम तेलाला हवा मिळते आणि ते पुन्हा पेटतं.

उत्तर_दिशा

घाई आणि चपळाई यांतल्या फरकाबद्दल विमान वाहतुकीतून.

उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवर एक वेग आधीच काढलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आत गंभीर बिघाड झाला तर थांबायचं, ओलांडल्यावर उड्डाण करायचं. वजन, धावपट्टीची लांबी, हवा यांवरून तो प्रत्येक उड्डाणासाठी ठरतो. व्ही-वन झाल्यावर कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा (इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांडीवरचा) हात काढून घेतो, म्हणजे दचकून मागे ओढायची शक्यताच उरत नाही. ‘थांबू की जाऊ’ हा वाद धावपट्टीवर घालायचा नाही म्हणून तो जमिनीवरच संपवलेला असतो.

पण सगळंच इतक्या वेगाने करायचं नसतं. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोईंग ७३७-४०० कोसळलं. पंख्याचं पातं डाव्या इंजिनात तुटलं होतं, वैमानिकांनी उजवं बंद केलं. योगायोगाने त्याच सुमारास धूर आणि थरथर कमी झाली, त्यामुळे आपला निर्णय बरोबर ठरला असं त्यांना वाटलं. मागच्या प्रवाशांना ज्वाला डाव्या बाजूला दिसत होत्या, पण ती माहिती पुढे पोचली नाही. १२६ पैकी ४७ जण मृत्युमुखी पडले. ते इंजिन लगेच, काही सेकंदांत बंद करण्याची गरज नव्हती.

म्हणून मी दोन प्रश्न विचारायला शिकवतो. ‘दहा सेकंद थांबलो तर काय बिघडेल?’ आणि ‘ही कृती मागे घेता येते का?’ थांबून बिघडणार असेल तर पाठ केलेली कृती लगेच. थांबून बिघडत नसेल आणि कृती मागे घेता येणार नसेल, तर हात आवरायचा आणि खात्री करायची. कॉकपिटमध्ये इंजिन बंद करण्याआधी एक जण लिव्हरवर हात ठेवून मोठ्याने नाव घेतो, दुसरा पाहून होकार देतो, मगच ती हलते. घरी मीटरच्या पेटीतले स्विच खाली करतानाही हे जमतं: बोट ठेवा, नाव मोठ्याने वाचा, मग पाडा.

मागे घेता येणारी, पर्याय खुले ठेवणारी कृती मात्र लवकर करून टाकावी. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाला पक्षी धडकून दोन्ही इंजिनांची ताकद गेल्यावर कॅप्टन सलनबर्गर यांनी सहायक वीज यंत्रणा लगेच सुरू केली. आणीबाणीत करायच्या कृतींच्या यादीत ती पायरी बरीच खाली होती. तिने नुकसान काहीच होणार नव्हतं, आणि त्यामुळे विमानाच्या नियंत्रण यंत्रणेला वीज मिळत राहिली. धडकेपासून हडसन नदीत उतरेपर्यंत साडेतीन मिनिटंही नव्हती. विमानातले सर्व १५५ जण वाचले.

आभाळवेडी

हे दोन प्रश्न मला फार पटले. पण सराव नेमका कसा, आणि किती गोष्टींचा? शिवाय आजूबाजूला गर्दी असेल तर मी एकटीच पुढे व्हायला बिचकते.

पहिली_मदत

प्रथमोपचार शिकवते, म्हणून सरावाचं मी सांगते.

पाच-सहा प्रसंग निवडा, जास्त नकोत. प्रत्येकासाठी ‘असं दिसलं की लगेच हे’ असं एकच वाक्य लिहा. त्यात दिसणारी खूण हवी आणि हाताची कृती हवी. ‘कुणाला शॉक लागला तर काळजी घेईन’ हे वाक्य निरुपयोगी. ‘माणूस वायरला चिकटलेला दिसला की त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडीन’ हे कामाचं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘जर-तर’ पद्धतीच्या अशा बेतांचा अभ्यास केला आहे. खूण दिसताच कृती जवळपास आपोआप सुरू होते, ही त्यांची ताकद.

मग ते वाक्य अंगाने करून पाहा. मेन स्विचपर्यंत रात्री दिवे न लावता चालत जा आणि बोट ठेवून या. कढईवर बसेल असं झाकण एका हाताच्या अंतरावर आहे का ते बघा. अग्निशामक भिंतीवरून उतरवून पाहा. तो खुंटीतून वर उचलावा लागतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. एकाच दिवशी तासभर करण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

हातात काही असेल तर टाकून द्यायचाही सराव करा. दचकलेला माणूस पिशवी, मोबाइल, भांडं घट्ट धरून ठेवतो आणि मग एकाच हाताने धडपडतो.

गर्दीबद्दल: बिचकणं स्वाभाविक आहे, आणि त्यावर १९६८ मधला डार्ली आणि लाताने यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खोलीत धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी कळवलं. सोबत दोन माणसं मुद्दाम शांत बसवली होती, तेव्हा फक्त १० टक्क्यांनी. प्रत्येक जण दुसऱ्याचा चेहरा पाहून ‘काही नसेल’ असं ठरवतो. म्हणून ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नका. बोट दाखवा: ‘निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा, लागला की मला सांगा.’ एकाला नेमलं की तो हलतो, आणि त्याच्यामागे बाकीचेही.

कोसळलेल्या माणसाबाबत एक खूण नक्की लक्षात ठेवा, कारण इथेच मौल्यवान मिनिटं जातात. हृदय बंद पडल्यावरही काही जण मधूनच आचके दिल्यासारखे घोरतात. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नसेल तर छातीकडे जास्तीत जास्त दहा सेकंद पाहा. नेहमीसारखा श्वास नसेल तर फोन करायला लावा आणि छाती दाबायला सुरुवात करा: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. चुकेल या भीतीने थांबू नका. उत्तर_दिशा यांचा पहिला प्रश्न इथे लावला तर थांबून सगळंच बिघडतं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दमल्यावर खोली कमी होते आणि ते आपल्याला कळत नाही.

आभाळवेडी

खूप आभार सगळ्यांचे. गॅस गळतीचं वाक्य लिहिताना अडले. वास आला की चालू असलेला दिवा बंद करायचा की नाही?

धूरवाट

नाही. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. स्विच दोन्ही दिशांना ठिणगी पाडतो. फ्रिजचा प्लगही ओढू नका, पंखा लावून वास घालवायला जाऊ नका. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. मोबाइल बाहेर गेल्यावर. मेन स्विच घराबाहेर असेल तरच तो पाडा.

सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावंच लागतं. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. तिथे वरची तावदानं आधी. तुमच्याकडे कोणता आहे ते पाहून वाक्य लिहा: ‘गॅसचा वास आला की स्विचला हात न लावता रेग्युलेटर, दार, बाहेर.’ वास इतका असेल की ओट्यापर्यंत जाववत नाही, तर रेग्युलेटरही सोडा आणि थेट बाहेर पडा.