‘कवच मागतो तो चोर’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

तापीकाठ (भुसावळ)
काल या मंचावर एका भाऊंनी लिहिलं : “ज्याचं काम चोख, त्याला कायद्याचं कवच कशाला? संस्था-संघटनावाले कवच मागतात म्हणजे पाणी मुरतंय.” खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1)(3) चा जमावबंदी आदेश पंधरा दिवसांचा असतो. पण तो संपलेला कोणी पाहिलाय? सण, परीक्षा, निवडणूक, आणि यातलं काहीच नसलं तर ‘संभाव्य आंदोलने’. एक उतरत नाही तोच दुसरा चिकटतो. पीकविम्याचं निवेदन घेऊन पाच माणसं निघणार म्हटलं की आदल्या संध्याकाळी नोटीस घरात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची यायची, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 ची येते. मजकूर तोच, खालच्या सहीचा शिक्काही तसाच वाकडा. त्याच जुन्या संहितेतल्या 144 चे जमावबंदी आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं. आपल्याकडे 37 आहे ना, मग कोण वाचतो! त्यात जुलै 2025 ला राज्याचं जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. त्यातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या इतकी ढगळ, की उद्या कोणालाही घालता येईल.

आम्ही मागतो ते कवच एवढंच : मोर्चा-सभेची परवानगी नाकारायची तर कारण लेखी द्या, मुदतीत द्या. मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरा.

सावदेकर
ती पोस्ट माझीच. केळीचा ट्रक भरून रास्ता रोकोत अडकलात का कधी? गेल्या उन्हाळ्यात फैजपूरच्या अलीकडे माझा माल दुपारभर उन्हात. पुढे व्यापारी म्हणे माल तापलाय, भाव पाडून घेतो. आंदोलनवाल्यांना कवच, आणि आम्हाला काय, केळीची पानं? जनसुरक्षेचं म्हणाल तर हजारो सूचना आल्या, समितीनं बदल केले, तपास फौजदाराकडून काढून उपअधीक्षकाकडे दिला. तेही सांगा की.

धुळ्याचा वकील
उपअधीक्षक आकाशातून पडतो का, सावदेकर? आणि ‘कवच मागतो तो चोर’ काय? भ्रष्टाचार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 ला मंजूर झाला, लागू अजून नाही. माहिती अधिकारात दहा रुपये भरून रस्त्याचं मोजमाप मागणारा माणूस चोर, आणि डांबर खाणारा?

अक्राणीकर
आमच्याकडे वनहक्काचे दावे भरायला मदत करणाऱ्या छोट्या संस्था होत्या. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (FCRA) 2020 च्या दुरुस्तीनं मोठ्या संस्थांना परदेशी निधी पुढे छोट्यांना वाटायला बंदी झाली, आणि पाड्यावर येणारी पोरं थांबली. शिरीषकुमारच्या नंदुरबारात हे चाललंय.

सावदेकर
आला शिरीषकुमार! कोणतीही चर्चा असो, त्या पोराला आणल्याशिवाय तुमचं भागत नाही.

अक्राणीकर
पंधरा वर्षांचा होता, 1942 च्या मिरवणुकीत इंग्रजांच्या पोलिसांची गोळी खाल्ली. ‘आला’ काय? तोंड सांभाळून लिहा.

चेंज रिपोर्टवाला
तुम्ही मोठ्या गोष्टी करा. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष वारले. नव्यांचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) धर्मादाय कार्यालयात टाकला, तर चुलत्यानं हरकत घेतली. तेव्हापासून फक्त तारखा. बँक म्हणते सही बदलणार नाही. सध्या खात्यावर सही चालते ती मेलेल्या माणसाची. कुठलं नागरी स्वातंत्र्य घेऊन बसलात?

धुळ्याचा वकील
हरकतीला लेखी म्हणणं दिलंत का? ठरावाची सूचना सर्व सभासदांना पोचल्याच्या पोचपावत्या?

चेंज रिपोर्टवाला
पोचपावत्या चुलत्याच्याच कपाटात!

पाचोऱ्याची ताई
आमच्या शिक्षणसंस्थेत दोन कार्यकारिणी, दोन शिक्के, दोन मुख्याध्यापक. पगारबिलावर सही कोणाची यावरून मास्तर लोकांच्या घरी चूल पेटेना. त्यावर कोणी धागा काढला नाही.

सावदेकर
हेच मी म्हणत होतो, संस्था म्हणजे भाऊबंदकी. यांना कवच?

तापीकाठ
भाऊबंदकी करणाऱ्याला कवच नकोच, कार्यालयाला मुदत हवी. बदल 90 दिवसांत कळवायची सक्ती विश्वस्तांवर आहे ना? मग निकालाचीही तेवढीच कडक ठेवा. वाचनालयालाही तीच, मोर्चालाही तीच.

सावदेकर
बरं बाप्पा, मुदतीचं कलम घाला. लेखी कारणही घाला. पण केळीच्या हंगामात हायवेवर बसलात तर पहिली हरकत माझी, आणि पोचपावतीसकट.

चेंज रिपोर्टवाला
वकीलसाहेब, पुढची तारीख सोमवारी आहे. येता का?